बाहेरच्यांच्या मदतीने झालेलं इलेक्शन खरं मानायचं का? तिमोरमध्ये काम केलेल्याचं उत्तर

तुम्ही विचारलंय की नव्याने लोकशाही आलेल्या देशात युनो, युरोपियन युनियन वगैरे मंडळी जाऊन इलेक्शनला मदत करतात, ऑब्झर्व्हर पाठवतात, त्याचा खरंच उपयोग होतो का, की चार दिवस हॉटेलात राहून 'फ्री अँड फेअर'चा शिक्का मारून परत येतात, आणि असं बाहेरच्यांनी मध्ये पडणं म्हणजे हस्तक्षेप नाही का. हे दोन प्रश्न झाले, पण मला वाटतं खाली तिसराच प्रश्न आहे: हरलेल्या माणसाने निकाल का मानावा? जिंकलेला मानतोच, त्याला कुणाच्या सर्टिफिकेटची गरज नसते. मी सगळं उत्तर हरलेल्याच्या बाजूने देणार आहे, कारण माझ्या कामात मला कायम तोच समोर भेटलाय.

आधी माझी मर्यादा सांगतो. मी आपल्याकडे तहसीलच्या निवडणूक शाखेत बरीच वर्षं काढली, शेवटी निवडणूक नायब तहसीलदार होतो, मग रजा काढून २००७ ला तिमोर-लेस्तेमध्ये युनोचा व्हॉलंटियर म्हणून एका डोंगरी जिल्ह्यात होतो आणि २००८ ला नेपाळला संविधान सभेच्या इलेक्शनला. म्हणजे मला पेट्या, याद्या, फॉर्म, गाड्या हे कळतं, न्यूयॉर्कला बंद दाराआड काय ठरतं ते मी तुमच्यासारखंच पेपरात वाचतो.

पहिली गोष्ट, 'मदत' हा एकच शब्द आपण तीन वेगळ्या कामांना वापरतो आणि तिथेच घोळ होतो. एक म्हणजे बाहेरच्यांनी इलेक्शन स्वतःच घेणं, जसं कंबोडियात १९९३ ला युनोने घेतलं. दुसरं म्हणजे तिथल्या आयोगानेच इलेक्शन घ्यायचं आणि बाहेरच्यांनी शेजारी बसून ट्रेनिंग, सामान, पैसा, सल्ला द्यायचा, नेपाळला तसं होतं. तिसरं निरीक्षण, त्यात कशालाही हात लावायचा नाही, बघायचं आणि लिहायचं. तुमचा राग बहुतेक तिसऱ्यावर आहे, पण जास्त धोका पहिल्यात असतो आणि खरा उपयोग दुसऱ्यात. (आणि हे सगळं गोऱ्यांचंच काम असं समजू नका, १९५३ ला सुदानचं पहिलं इलेक्शन घ्यायला आपले पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन गेले होते, तेही आपलं पहिलं जनरल इलेक्शन उरकून एखादं वर्षच झालेलं असताना.)

तिमोरचंच उदाहरण घेतो कारण तिथे यातले पहिले दोन प्रकार एकाच देशात एकामागोमाग झाले. आग्नेय आशियातला छोटा देश, मी गेलो तेव्हा दहा-अकरा लाख वस्ती, आधी पोर्तुगीज, मग १९७५ पासून इंडोनेशिया. गोव्याच्या लोकांना यातलं पोर्तुगीज प्रकरण लगेच कळेल, मलासुद्धा तिथली चर्चं आणि बेकरीतला पाव बघून पहिल्या आठवड्यात मडगावची आठवण झाली होती. १९९९ च्या ५ मे ला पोर्तुगाल, इंडोनेशिया आणि युनो यांचा करार झाला की लोकांना विचारायचं, इंडोनेशियात स्वायत्तता घेऊन राहता की वेगळे होता. युनोने जवळजवळ साडेचार लाख लोकांची नोंदणी साधारण तीन आठवड्यांत केली, ज्याने कुणी मतदार यादीचं काम केलंय त्यानेच सांगावं हे काय दिव्य आहे ते, आपल्याकडे एका तालुक्याची दुबार नावं काढताना तोंडाला फेस येतो. ३० ऑगस्टला मतदान झालं, ९८ टक्क्यांच्या वर लोक आले, ३,४४,५८० मतं वेगळं होण्याच्या बाजूने आणि ९४,३८८ विरोधात.

आता तांत्रिक बाजूने बघितलं तर हे माझ्या मते अतिशय स्वच्छ काम होतं. एक बारीक गोष्ट सांगतो, मतमोजणी गावोगाव केली नाही, सगळ्या पेट्या राजधानी दिलीला आणल्या, मतपत्रिका एकत्र मिसळल्या आणि मग मोजल्या, म्हणजे कुठल्या गावाने काय मत दिलं ते कुणालाच कळू नये आणि गावावर सूड उगवता येऊ नये. आपल्याकडे बूथवाइज आकडे आल्यावर 'तुमच्या वाडीतून आम्हाला किती मिळाली ते माहितीये' हे वाक्य ज्यांनी ऐकलंय त्यांना हा विचार समजावून सांगायची गरज नाही.

आणि तरीही काय झालं? त्याच करारात सुरक्षेची जबाबदारी इंडोनेशियाच्याच पोलिसांकडे ठेवली होती. म्हणजे ज्या बाजूला निकाल नकोसा होता तिच्याच हातात काठी. ४ सप्टेंबरला निकाल जाहीर झाला आणि इंडोनेशियाच्या बाजूच्या मिलिशियांनी (सशस्त्र टोळ्यांनी) देश जाळला, हजाराच्या वर माणसं मेली, दोन लाखांहून जास्त लोक पश्चिम तिमोरमध्ये (बेटाचा इंडोनेशियाकडचा भाग) हाकलले गेले, शेवटी २० सप्टेंबरला ऑस्ट्रेलियाच्या नेतृत्वाखाली फौज उतरली. मी तिथे गेलो तेव्हा आठ वर्षं झाली होती आणि तरी दिलीत छप्पर नसलेल्या काळ्या पडलेल्या भिंती सहज दिसायच्या. मतदान निर्दोष आणि इलेक्शन फसलेलं, हे एकाच वेळी असू शकतं हे मी तिथे शिकलो. त्यावर एक प्रतिवाद आहे आणि तो मला खोडता येत नाही: सुरक्षेची अट धरून बसले असते तर इंडोनेशियाने मतदानच होऊ दिलं नसतं आणि तिमोर आजही तिथेच असतं. तिमोरमधले बहुतेक लोक हाच प्रतिवाद करतात, आणि घरं त्यांची जळली होती, माझं नाही, म्हणून मी गप्प बसतो.

त्यानंतर ३० ऑगस्ट २००१ ला संविधान सभेचं इलेक्शन, तेही युनोनेच घेतलं कारण तेव्हा देशाचा कारभारच युनोकडे होता. २० मे २००२ ला स्वातंत्र्य मिळालं. २००६ ला सैन्यातल्या असंतोषावरून पुन्हा भडका उडाला, दीड लाखाच्या आसपास माणसं घर सोडून तंबूत राहायला आली, पंतप्रधानांनी राजीनामा दिला, आणि हे सगळं गरम असतानाच २००७ ला राष्ट्राध्यक्षपदाच्या दोन फेऱ्या आणि संसदेचं मतदान अशी तीन मतदानं तीन महिन्यांत घ्यायची होती. या वेळी फरक असा की इलेक्शन त्यांचं स्वतःचं तांत्रिक सचिवालय घेणार, त्याच्यावर देखरेख त्यांचा स्वतःचा आयोग करणार, आणि आम्ही परदेशी फक्त सल्लागार.

फक्त सल्लागार हे लिहायला सोपं आहे. माझ्या जिल्ह्यात काही गावांना गाडी जात नव्हती, पेट्या तट्टांवरून गेल्या, काही ठिकाणी युनोचं हेलिकॉप्टर. ते हेलिकॉप्टर फोटोत फार छान दिसतं पण मला विचाराल तर तट्टूवालाच बरा, तो गावातला असतो, पेटीवर कुणी डोळा ठेवला तर त्याला कळतं, आणि पाच वर्षांनी पुढच्या इलेक्शनला हेलिकॉप्टर नसणार, तट्टू असणार.

आता तो प्रसंग, ज्याच्यावरून मी हे सगळं लिहायला बसलो. पहिल्या फेरीची रात्र, जिल्ह्याच्या ठिकाणी हॉलमध्ये रिझल्ट शीट यायला लागल्या, अर्ध्या जनरेटरवर चाललेले दिवे, आणि एकामागून एक शीटमध्ये बेरजा चुकलेल्या. चोरी नाही हो, साधी चूक, बाद मतं दोनदा धरलेली, कुठे कोरी मतं धरलीच नाहीत, कुठे सात आणि एक सारखेच दिसतायत. केंद्राध्यक्ष म्हणजे बहुतेक शाळामास्तर, पहाटे चारला उठून रात्री अकरापर्यंत उभा असलेला. आमच्यातला एक परदेशी सहकारी, माणूस हुशार आणि मनाने चांगला, त्याने पेन काढलं आणि शीटवर बेरीज दुरुस्त करायला लागला, कारण बरोबर आकडा काय हे लहान पोरालाही दिसत होतं. मी त्याचा हात धरला. भांडण झालं, चांगलं जोरात झालं, त्याचं म्हणणं आपण इथे चूक सुधारायलाच आलोय आणि माझं म्हणणं या कागदावर आपलं अक्षर उमटलं की संपलं, उद्या हरलेला तोच कागद हातात धरून म्हणेल की मलायने आकडे बदलले (तिथे परदेशी माणसाला मलाय म्हणतात), आणि तो खोटं बोलत नसेल. शेवटी ठरलं ते असं: शीट बाजूला, केंद्राध्यक्षाला बोलवा, पक्षांच्या एजंटांना बोलवा, मूळ नोंद सगळ्यांसमोर वाचा, चूक त्यानेच दाखवायची, त्यानेच आडवी रेघ मारून शेजारी नवीन आकडा लिहायचा, सही त्याची आणि साक्षीदार म्हणून एजंटांची. जे काम दहा मिनिटांत झालं असतं त्याला सकाळ झाली. दिलीवरून फोनवर फोन, तुमच्या जिल्ह्याचं का अडलंय. पण सकाळी जे एजंट हरले होते तेही कॉफी पिऊन घरी गेले, कुणी खुर्ची फेकली नाही.

हे मी तिमोरमध्ये शोधून काढलं असं नाही, हे आपल्याच तहसीलमध्ये शिकलेलं. आपल्याकडे मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष पोलिंग एजंटला १७ सी या फॉर्मची कॉपी देतो, त्यावर त्या मशीनमध्ये किती मतं पडली ते असतं, मोजणीच्या दिवशी एजंट तीच कॉपी खिशातून काढून मशीनच्या आकड्याशी जुळवतो. बहुतेक लोकांना या कागदाचं नावही माहीत नसतं, पण माझ्या मते ईव्हीएमवर होणाऱ्या सगळ्या टीव्ही चर्चांपेक्षा तो कागद जास्त महत्त्वाचा आहे. हरलेल्याला स्वतःच्या खिशातल्या कागदाने तपासता आलं पाहिजे, मग तो चिडेल, शिव्या देईल, पण मानेल. बाहेरच्या मदतीची परीक्षा मी यावरच करतो, तिच्यामुळे हरणाऱ्याला स्वतः तपासता यायला लागलं का? की त्याला सांगितलं गेलं, आम्ही तपासलंय, तू विश्वास ठेव?

आणि इथे तुमच्या ऑब्झर्व्हरवाल्या प्रश्नाकडे येतो, केनियाचं २०१७ चं उदाहरण यासाठी फार चांगलं आहे. ८ ऑगस्टला मतदान झालं, मोठमोठी निरीक्षक पथकं आलेली, कार्टर सेंटर या अमेरिकन संस्थेच्या पथकात तर अमेरिकेचे माजी परराष्ट्र मंत्री जॉन केरी. दोन-तीन दिवसांत प्राथमिक निवेदनं आली, मतदान शांततेत झालं, लोक रांगेत उभे राहिले, आयोगाचं कौतुक, ज्याला तक्रार आहे त्याने कोर्टात जावं. विरोधक खरंच कोर्टात गेले आणि १ सप्टेंबरला तिथल्या सुप्रीम कोर्टाने राष्ट्राध्यक्षाचं इलेक्शन रद्द केलं! आफ्रिकेत असं पहिल्यांदाच झालं. कारण काय, तर रांगा नव्हेत, केंद्रांवरून आलेले निकालाचे फॉर्म. केंद्रावरचा फॉर्म ३४ ए, त्यावरून पुढची बेरीज, आणि निकाल जाहीर करताना सगळे ३४ ए आयोगाकडे आलेलेच नव्हते, काही फॉर्मवर जी सुरक्षा चिन्हं असायला हवीत ती नव्हती, आणि कोर्टाने सर्व्हर बघू द्या म्हटलं तर आयोगाने धड बघू दिला नाही.

ऑब्झर्व्हर खोटं बोलले का? नाही, त्यांनी जे बघितलं ते खरंच तसं होतं, फक्त त्यांनी रांग बघितली आणि भानगड रांगेत नव्हती. निवेदनात बारीक अक्षरात लिहिलेलंही असतं की मोजणी अजून चालू आहे, पण टीव्हीवर कौतुकच जातं. म्हणून मी म्हणतो मतदानाच्या दिवशीचा ऑब्झर्व्हर म्हणजे लग्नात आलेला पाहुणा, त्याला जेवण कसं होतं एवढंच कळणार, सोयरीक कशी जमली ते नाही कळणार. चांगली पथकं सहा-आठ आठवडे आधी माणसं जिल्ह्यात पाठवतात, यादी, उमेदवारी अर्ज, रेडिओ-टीव्हीवर कुणाला किती वेळ, पोलीस कुणाच्या सभेला परवानगी देतात हे सगळं बघतात, आणि शेवटचा सविस्तर रिपोर्ट काही महिन्यांनी येतो, तो वाचण्यासारखा असतो. पण तो कुणी वाचत नाही कारण तोपर्यंत शपथविधी होऊन गेलेला असतो. आणि हो, 'फ्री अँड फेअर' असा सरळ शिक्का हल्ली जबाबदार पथकं टाळतातच, तो शब्द पेपरवाले आणि पुढारी वापरतात.

केनियाची पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. २०२२ ला आयोगाने ४६ हजारांहून जास्त केंद्रांचे ३४ ए फॉर्म स्कॅन करून सगळ्यांसाठी पोर्टलवर टाकले. चॅनेलवाले, पक्षवाले, घरात बसलेली पोरं, जो तो बेरजा करत बसला. निकाल अगदी काठावरचा, जिंकलेले रुटो ५०.४९ टक्के आणि हरलेले ओडिंगा ४८.८५, आयोगाच्या सातपैकी चार सदस्यांनी स्वतःच निकालातून अंग काढून घेतलं, पुन्हा कोर्ट झालं, पण या वेळी कोर्टाने ५ सप्टेंबरला निकाल कायम ठेवला. हरलेल्यांनी कुरकूर केली पण आकडे सगळ्यांच्या समोर पडले होते. या पोर्टलने जेवढं केलं तेवढं शंभर निरीक्षक पथकांनी झालं नसतं असं माझं मत आहे. आफ्रिकेतल्याच मलावीचंही वाचा, २०१९ च्या इलेक्शनच्या शीटवर व्हाइटनर लावून आकडे बदललेले सापडले, फेब्रुवारी २०२० मध्ये कोर्टाने ते रद्द केलं आणि जूनमध्ये फेरमतदान झालं, तेही कोविडमुळे परदेशी पथकं जवळजवळ नसताना, आणि विरोधी उमेदवार जिंकला. म्हणजे परदेशी माणूस नसला तरी चालतं, पण सगळ्यांना बघता येणारा कागद आणि न घाबरणारं कोर्ट नसेल तर चालत नाही.

याच्या उलट कंबोडिया. युनोची वीस हजारांवर माणसं, दीड अब्ज डॉलरच्या वर खर्च, नव्वद टक्के मतदान, सगळं दृष्ट लागावं असं. राजपुत्र रणरिध यांच्या पक्षाला १२० पैकी ५८ जागा, हुन सेन यांच्या पक्षाला ५१, पण सैन्य आणि कचेऱ्या हुन सेनच्या हातात, त्यांनी नुसती धमकी दिली आणि मग एका देशाला दोन पंतप्रधान असा अजब तोडगा निघाला, आणि जुलै १९९७ ला हुन सेनने रणरिधना बंदुकीच्या जोरावर उडवून लावलं. बाहेरच्यांनी इलेक्शन स्वतःच्या हाताने घेतलं, बॅगा भरल्या आणि गेले, मागे जे उरलं ते आधी होतं तेच.

हस्तक्षेपाबद्दल. मी स्वतःशी एक साधी रेघ आखून ठेवलीय, यादी, पेटी, मोजणी, ट्रेनिंग याला मदत चालते कारण त्याचा फायदा सगळ्या पक्षांना सारखा होतो, एखाद्या पक्षाला किंवा त्याच्या प्रचाराला पैसा दिला की तो हस्तक्षेप. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर ही रेघ वाकडीतिकडी आहे. नेपाळमध्ये भारताने इलेक्शनसाठी गाड्या दिल्या, मतदानाची मशीनही दिली, २००८ ला काठमांडूच्या एका मतदारसंघात ती वापरली गेली. बाकी सगळीकडे कागद आणि स्वस्तिकाचा शिक्का. आता आपल्याला वाटतं शेजारी म्हणून मदत केली, पण चहाच्या टपरीवर मला 'दिल्लीच्या गाड्या' असं टोमणा मारून सांगणारे भेटले, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हटलं असतं. आणखी एक, देणगीदारांना अशा गोष्टी द्यायला आवडतात ज्यावर आपला स्टिकर लावता येतो: गाडी, मशीन, बायोमेट्रिक किट. मयत मतदारांची नावं वगळायला वर्षभर फिरणाऱ्या माणसाच्या पगारावर कुणी स्टिकर लावत नाही, म्हणून त्याला पैसा मिळत नाही. अफगाणिस्तानात २००४ ला तर शाईवरून खेळ झाला होता, काही केंद्रांवर बोटाची शाई पुसली जात होती, दुपारपर्यंत १५ उमेदवारांनी बहिष्कार जाहीर केला आणि शेवटी तीन तज्ज्ञांचं पॅनेल नेमून ते शांत करावं लागलं. एवढ्या मोठ्या आंतरराष्ट्रीय फौजफाट्याची अब्रू एका बाटलीवर आली होती.

तर मदत उपयोगी की नाही, हे कशावर अवलंबून आहे ते माझ्या अनुभवातून सांगतो. हरणाऱ्याच्या हातात बंदूक आहे का, हे सगळ्यात आधी, कारण तसं असेल तर माझ्यासारख्या फॉर्मवाल्याचा काही उपयोग नाही. मदत किती आधी आली, यादीच्या वेळी की मतदानाच्या आदल्या महिन्यात. गावातले स्वतःचे निरीक्षक आणि एजंट केंद्रावर बसलेत का, कारण चाळीस हजार केंद्रांवर परदेशी कधीच पुरणार नाहीत. आणि जाणारा माणूस जाताना काय ठेवून जातो.

या शेवटच्या बाबतीत तिमोरने मला चुकीचं ठरवलं, चांगल्या अर्थाने. २००७ ला मी घरी पत्रात लिहिलं होतं की यांना एकट्याने जमायला वीस वर्षं लागतील. संसदेच्या निकालानंतर सरकार कुणी बनवायचं यावरून पुन्हा घरं जळली होती, फ्रेटिलिन या पक्षाला सगळ्यात जास्त म्हणजे ६५ पैकी २१ जागा होत्या पण सरकार दुसऱ्यांनी आघाडी करून बनवलं, तेव्हा मला तसं वाटणं साहजिक होतं. पण २०१२ ला पदावर असलेले राष्ट्राध्यक्ष रामोस होर्ता पहिल्याच फेरीत तिसरे आले आणि हार मानून बाजूला झाले, त्याच वर्षाच्या शेवटी युनोचं मिशन बंद झालं. २०१७ ला त्यांनी स्वतः इलेक्शन घेतलं, सरकार टिकलं नाही, तर मे २०१८ मध्ये परत घेतलं, सत्ता बदलली, दंगल नाही. आणि २०२२ ला तेच रामोस होर्ता परत उभे राहिले आणि निवडून आले.

डिझर्टेशनसाठी विचारलंय म्हणून एक सुचवतो, देश दहा घेऊ नका, केनिया २०१७ आणि २०२२ एवढंच घ्या आणि निरीक्षकांची पहिली निवेदनं आणि शेवटचे रिपोर्ट समोरासमोर ठेवून बघा. रिपोर्ट हातात आला की शेवटचं पान नंतर वाचा, आधी मोजणी आणि निकाल-फॉर्मचा भाग काढा आणि बघा की निरीक्षक मोजणी संपेपर्यंत केंद्रावर थांबले होते का, त्यांना फॉर्मची कॉपी मिळाली का, एजंटांना मिळाली का. तेवढ्यावर पानं कमी असतील तर त्या रिपोर्टवर किती भर द्यायचा ते तुमचं तुम्हाला कळेल. तिमोरबद्दल काही लागलं तर विचारा, तट्टांच्या भाड्याच्या पावत्यासुद्धा अजून ट्रंकेत आहेत, तीन भाषांत सही केलेल्या.